पहिल्या ताटाचा मानकरी

तासगावच्या एसटी स्टँडसमोर शालन मोहिते यांची खानावळ आहे. पाटीवर 'हॉटेल सिद्धेश्वर' असं लिहिलेलं असलं, तरी सगळं गाव तिला शालनवैनीची खानावळ म्हणतं आणि तिथे एकच पदार्थ मिळतो, अख्खा मसूर आणि रोटी. परगावच्या माणसाने मेनूकार्ड मागितलं की वैनी भिंतीकडे बोट दाखवतात. भिंतीवर फक्त सिद्धेश्वराचा फोटो आहे. माणूस क्षणभर गोंधळतो आणि मग मुकाट अख्खा मसूर खातो.

या खानावळीची एक रीत होती, वैनींच्या सासूबाईंनी घालून दिलेली. मसूर शिजला, वरून फोडणी बसली, की आधी देवाला नैवेद्य. नैवेद्याआधी चाखायचं नाही हे घरोघरी असतंच, पण सासूबाई त्याच्याही पुढे गेलेल्या होत्या. गिऱ्हाईक म्हणजेसुद्धा देवच, तो जेवेपर्यंत चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईने तोंड उष्टं करायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. आता याचा अर्थ असा की पातेल्यात मीठ किती पडलंय, हे जिने टाकलं तिला सोडून बाकी सगळ्यांना आधी कळणार. त्यावर तोडगा म्हणून पहिलं ताट. ते ज्याच्यापुढे ठेवलं जाई त्याने एक घास खायचा आणि वैनींनी पदराला हात पुसत विचारायचं, "कसं झालंय?" तो सांगेल तसं मीठ नाहीतर चटणी, म्हणजे तिखट, पातेल्यात पडायचं आणि मगच बाकीची ताटं वाढली जायची.

हा पहिल्या ताटाचा मान कित्येक वर्षं निवास यादवांकडे, म्हणजे निवासतात्यांकडे होता.

तात्या एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून सांगली, मिरज, जत पुकारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. पुढे पुकारायचं काम यंत्राकडे गेलं. आता एक गोड गळ्याची बाई, जी कधी जन्मलीच नाही, ती सगळ्या गाड्या पुकारते आणि विजेवरच्या गाड्या हूं की चूं न करता फलाटाला येऊन लागतात. तात्या निवृत्त झाले, पण त्यांचा आवाज काही निवृत्त झाला नाही. बायको गेल्यावर दुपारचं जेवण वैनींकडे सुरू झालं आणि पहिला घास घेऊन ते भर खानावळीत पुकारत, "वैनी, मीठ चिमूटभर कमी! बाकी गाडी येळेवर!" बाकावरची मंडळी हसत. वैनी चिमूट टाकत. आणि खरंच, त्या चिमटीनंतर मसूर असा लागे की माणूस एक रोटी जास्तीची मागे.

मग तो ताप आला. एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला अर्ध्या जिल्ह्याला आला आणि बहुतेकांचा आठवड्यात गेलाही. तात्यांचा गेला तो जिभेची चव घेऊन गेला. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. जिभेच्या पुढच्या भागावरची चव मेंदूकडे नेणारी नस सरळ वर जात नाही. वाकडी वाट करून ती कानात शिरते, पडद्याला खेटून जाते आणि मग मेंदू गाठते. हा ताप कानात उतरतो. नस सुजते, तिच्यातले धागे मरतात आणि गोड, खारट, आंबट, कडू ही सगळी बातमी वाटेतच अडकून पडते.

"पण तिखट लागतंय की ओ मला," तात्या म्हणाले.

"लागणारच. तिखट ही मुळात चव नाहीच. तो दाह आहे, भाजल्यावर होतो तसा. त्याची नस वेगळी, वाट वेगळी."

"म्हणजे जत गाडी रद्द, सांगली चालू."

डॉक्टरीणबाई हसल्या. थोडे धागे जिवंत आहेत, वाढतील की नाही ते सांगता येत नाही, असं म्हणाल्या आणि त्यांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या.

तात्यांनी हे कोणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय झालं असतं? वैनींनी पहिलं ताट दुसऱ्या कोणापुढे ठेवलं असतं, एवढंच. पण तात्यांचं सगळं त्या 'एवढंच'मध्ये होतं. घर रिकामं होतं, लेक पुण्याला होती, स्टँडवर आता ओळखीचं कोणी उरलं नव्हतं. दिवसभरात त्यांना कोणी काही विचारत असेल तर तो एकच प्रश्न होता आणि तो वैनी विचारत होत्या.

म्हणून तात्यांनी खोटं बोलायला सुरुवात केली. घास घ्यायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "मीठ बेताचं हाय." पण नुसतं तेवढंच रोज कसं म्हणणार? काहीतरी सुचवलं तर पाहिजे. जिभेला कळत होतं ते एक तिखट. तेव्हा ते म्हणत, "चटणी जरा हाणा की वैनी." वैनी हाणत. तात्यांचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नव्हता.

होता होता मसूर लालभडक झाला. रोजचे मोमीन मास्तर, गावच्या हायस्कुलातून निवृत्त झालेले, घासागणिक पाणी पिऊ लागले. पण तात्यांनी पास केलेल्या ताटाला नाव ठेवायचं कसं, म्हणून तेही गप्प. परगावचे लोक मात्र एकदा येत आणि परत येत नसत. त्यांना जायला जागाही झाली होती. स्टँडच्या पलीकडे, बंद पडलेल्या थिएटरच्या जागेवर, 'घासोघास'ची शाखा उघडली होती.

घासोघास म्हणजे गावोगाव पसरलेली जेवणाची साखळी. आणि तात्यांची लेक ऋतुजा पुण्याला त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत होती.

ती दिवाळीला आली. पहाटे उठून वडिलांसाठी चहा केला. आईच्या वेळचे साखरेचे आणि मिठाचे डबे दिसायला सारखेच होते आणि तिला आता या घराची सवय राहिली नव्हती. तिने पहिला घोट घेतला आणि थेट मोरीकडे धावली. तोंड पुसत परत येऊन बघते तर तात्या पेपर वाचत, फुरके मारत तोच चहा पीत होते.

"पप्पा, चहा कसा झालाय?"

"फक्कड!"

ऋतुजा त्यांच्यासमोर बसली. कप त्यांच्या हातातून काढून घेतला. "कधीपासून?" तिने विचारलं. तात्यांनी थोडी टाळाटाळ केली, पण ती केबिनमध्ये त्यांच्या मांडीवर बसून मोठी झालेली पोर होती, तिच्यापुढे त्यांचं काही चाललं नाही.

"मला फोन करता आला नाही?" ती रडवेली होऊन म्हणाली. "मी दिवसभर दुसऱ्यांच्या जिभा दुरुस्त करत बसते, पप्पा!"

दुसऱ्याच आठवड्यात ती एक छोटी डबी घेऊन आली. आत कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ पारदर्शक चकती होती. कंपनीतही तिला पापुद्राच म्हणत. ती टाळूला चिकटवायची. चकतीतल्या बारीक तारा लाळेत काय उतरलंय ते वाचतात, मीठ किती, आंबट किती, आणि त्या मानाने जिभेला अगदी सूक्ष्म वीज देतात. विजेने मिठाचे कण जिभेच्या पेशींवर जास्त जोराने ओढले जातात, आणि उरलेले मोजके धागेही मोठ्याने बोलू लागतात. हे झालं पापुद्र्याचं पहिलं काम. दुसरं काम त्याहून हुशारीचं होतं. जेवणाऱ्याला घास आवडला की नाही, हे पापुद्रा लाळेवरून, नाडीवरून, नसांमधल्या हालचालीवरून ओळखतो आणि आवडेपर्यंत तोंडातली चव जुळवत राहतो. तेच आकडे तो घासोघासच्या स्वयंपाकघरालाही कळवतो, म्हणजे ताटच त्या माणसाच्या जिभेबरहुकूम बनून येतं. कर्करोगाच्या उपचारांनी तोंड बेचव झालेली माणसं या पापुद्र्यामुळे पुन्हा पोटभर जेवू लागली होती. ऋतुजाला त्याचा अभिमान होता आणि तो असायलाच हवा होता.

"हा चाचणीचा आहे, कुठल्याही जेवणाला चालतो," ती म्हणाली. "पण आधी आमच्याकडे चला."

घासोघासमध्ये गारवा होता, टेबलं चकाचक होती. यंत्राच्या हातांनी दोन झाकलेली ताटं आणून ठेवली. ऋतुजाने दोघांसाठी अख्खा मसूर सांगितला होता. तात्यांनी घास तोंडात घातला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. मीठ लागलं. मसुराचा मातकट गोडवा लागला, भाजलेल्या खोबऱ्याचा, जिऱ्याचा, मागाहून लसणाचा. कितीतरी महिन्यांनी तोंडात माणसं जमल्यासारखं वाटलं. तात्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"हे तर वैनीचं हाय," ते म्हणाले.

"त्यांचंच. लहानपणी तुमच्या ताटात खाल्लेलं. मी आठवून आठवून सांगितलं आणि यंत्राने जुळवलं."

तात्यांनी लगेच आपल्या ताटातला एक घास करून लेकीपुढे धरला. लहानपणापासूनची सवय. तिनेही सवयीने तोंड उघडलं आणि खाल्ल्यावर तिचा चेहरा वाकडा झाला. तात्यांच्या जिभेसाठी बनवलेलं ते ताट तिला मिठाचा गोळा लागत होतं.

"इथे एकमेकांच्या ताटातलं खात नाहीत, पप्पा," पाण्याचा ग्लास संपवून ती म्हणाली. "प्रत्येकाचं वेगळं असतं."

तात्यांनी इकडेतिकडे बघितलं. शेजारच्या टेबलावर आई, बाप आणि दोन मुलं मन लावून आपापल्या ताटात जेवत होती. कोणी कोणाच्या वाटीत बोट घालत नव्हतं, भांडणही नव्हतं. मुलं इतकी शहाण्यासारखी जेवताना तात्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांना जरा चमत्कारिक वाटलं, पण समोर मसूर होता, आणि त्याला चव होती. ते पुन्हा जेवायला लागले.

दुसऱ्या दिवशी टाळूला पापुद्रा लावून तात्या वैनींच्या खानावळीत गेले, ते एखाद्या नवरदेवासारखे. आता खोटं बोलायचं कारण उरलं नव्हतं. वैनींनी ताट ठेवलं, हात पुसले. "कसं झालंय?"

तात्यांनी घास घेतला. अहाहा! "एक नंबर, वैनी! काय बी घालू नका!"

वैनींचा चेहरा खुलला. कित्येक दिवसांत तात्यांनी इतक्या मनापासून सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही एक नंबर. तिसऱ्या दिवशीही. तात्यांची कळी खुलली, त्यांनी नवा शर्ट शिवायला टाकला. मोमीन मास्तर तेवढे पाणी पीतच राहिले आणि तिखटाला सरावलेल्या तात्यांना त्याचं नवल वाटत राहिलं.

आणि मग लग्नाचा बस्ता बांधून परतणारी मंडळी ज्या दिवशी आली, तो दिवस उजाडला. विसापूरकडची माणसं, बायका-पोरांसह टेंपोभर. इतकी गिऱ्हाइकं एकदम पाहून वैनींना काय करू आणि काय नको असं झालं. मोठं पातेलं चढवलं, फोडण्या दिल्या, नैवेद्य दाखवला, पहिलं ताट तात्यांपुढे सरकवलं. "कसं झालंय, तात्या? लवकर सांगा, मंडळी भुकेजलीत."

तात्यांनी घास घेतला, मान डोलावली आणि स्टँडवरच्या जुन्या आवाजात पुकारलं, "गाडी येळेवर! वाढा!"

ताटं वाढली गेली. मग मंडळींमधल्या एका म्हाताऱ्या बाईने वैनींना जवळ बोलावलं आणि हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बाई, मीठ घालायचंच राहिलं का गं?"

वैनींनी मोमीन मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान खाली घातली. वैनींनी तात्यांकडे पाहिलं. तात्या मिटक्या मारत जेवत होते.

"तात्या, अजून एक घास घ्या. आन आता सांगा."

तात्यांनी घेतला. "झकास हाय की!"

तात्यांनी एकेक चेहरा बघितला आणि त्यांच्या लक्षात आलं. पापुद्रा त्यांना मसूर जसा होता तसा सांगतच नव्हता. तो त्यांना आवडेल असा करून सांगत होता. पातेल्यात मीठ असो नसो, तात्यांच्या तोंडात रोज गाडी वेळेवरच येणार होती. ज्याला सगळंच चांगलं लागतं, त्याला विचारून उपयोग काय? त्यांनी बोटाने टाळूवरची चकती सोडवली, ताटाच्या कडेला ठेवली आणि सगळं सांगितलं. तापाचं, चवीचं, चटणीचं.

वैनींनी आधी पातेल्यात मीठ घातलं, मंडळींची माफी मागून त्यांना जेवू घातलं, त्यांचे पैसे घेतले नाहीत. टेंपो गेल्यावर त्या तात्यांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तापापास्नं? आन मी खुळी, रोज मूठमूठ चटणी वाढवतीया! मास्तरांच्या पोटाचं काय झालं असंल? माणसं समोरच्या हाटेलात का जात्यात म्हणून मी रात-रात इचार करत हुते!"

"चुकलं, वैनी."

"चव गेली त्याचा राग न्हाई ओ. जीभ काय तुमच्या हातात हाय?" वैनी म्हणाल्या. "पर तात्या, मी रोज तुमाला खरं इचारत हुते."

तात्या उठले, चकती डबीत ठेवली आणि निघून गेले.

त्यानंतर ते घासोघासमध्ये जेवू लागले. जेवण झकास असायचं, कालच्यापेक्षा आज झकास. पण ताट आलं की त्यांचा हात आपोआप थांबायचा. कोणीतरी विचारेल म्हणून ते वाट बघायचे. कोणी विचारायचं नाही, कारण विचारण्यासारखं काही नव्हतंच, पापुद्र्याने आधीच कळवलेलं असायचं. एकदा त्यांना राहवलं नाही. टेबलावरच्या पडद्याकडे वाकून ते मुद्दाम म्हणाले, "मीठ कमी हाय."

"आपल्या नोंदीनुसार आपण समाधानी आहात, निवासजी," पडदा गोड आवाजात म्हणाला. आवाज स्टँडवर गाड्या पुकारणाऱ्या बाईचाच होता.

तात्यांनी ताट अर्धं सोडलं आणि बाहेर येऊन लेकीला फोन लावला.

"ऋतु, हे यंत्र मला आवडंल तसं चालतंय. मला तसं नको. जे हाय तसं लागू दे."

पापुद्र्याचं ते दुसरं काम, आवडीप्रमाणे चव जुळवण्याचं, ऋतुजानेच लिहिलं होतं. त्यासाठी तिला कंपनीत शाबासकी मिळाली होती. "पप्पा, लोकांना आवडतं ते मिळावं, यात वाईट काय आहे?" तिने विचारलं. तिच्या आवाजात थोडं दुखलेपण होतं.

"वाईट काय बी न्हाई, बाळा. आजारी माणसानं चार घास जास्त खाल्ले तर तुझं पुण्य हाय. पर माझं काम निराळं हाय. वैनी इचारत्यात ते मला आवडलं का म्हणून न्हाई. मसूर कसा झालाय म्हणून."

"ते जुळवणं काढून टाकता येईल," ती हळूहळू म्हणाली. "नुसती वीज राहील. पण मग उरलेल्या धाग्यांना जेवढं कळतं तेवढंच कळेल. फार फिकं लागेल सगळं. धुक्यातून बघितल्यासारखं. आमच्या हॉटेलातसुद्धा."

"वैनीचा मसूर पहिल्यासारखा कधीच लागणार न्हाई?"

"धागे वाढले तर थोडा जास्त लागेल. पण पहिल्यासारखा नाही, पप्पा."

समोर स्टँडवर एक गाडी आवाज न करता लागली आणि आवाज न करता सुटली. घासोघासमधला तो पहिला घास त्यांना आठवला, घळाघळा आलेलं पाणी आठवलं. तो घास आता रोज मिळत होता आणि तो सोडून द्यायचा होता. माणूस म्हातारपणी आणखी मागतो तरी काय!

"काढ ते," तात्या म्हणाले.

रविवारी ऋतुजा आली. खिडकीशी बसून तिने पापुद्र्याला आपला संगणक जोडला, खटाखट बटणं दाबली, मध्येच डोळे पुसले. चकती परत देताना म्हणाली, "नको वाटलं तर पुन्हा पहिल्यासारखं करता येतं."

"बरं," तात्या म्हणाले. आपण असं काही म्हणणार नाही हे त्यांना माहीत होतं, आणि तिलाही.

दोघं चालत खानावळीत गेले. इतके दिवस वैनींनी पहिलं ताट फिरतं ठेवलं होतं आणि त्यांच्या नाकी नऊ आले होते. मोमीन मास्तरांना रक्तदाब, त्यांना मीठ नेहमीच जास्त. रिक्षावाल्यांना उन्हातान्हाने घाम, त्यांना नेहमीच कमी. कालच बाकावर यावरून जुंपली होती. चटणी मात्र पूर्वीच्या मापावर आली होती आणि दोन-चार जुनी गिऱ्हाइकं परतलीही होती. तात्यांना दारात बघून मास्तर सरकले आणि कोपऱ्यातली जागा मोकळी केली. वैनींनी तात्यांकडे पाहिलं, ऋतुजाकडे पाहिलं आणि चुलीकडे वळल्या.

तात्या कोपऱ्यातल्या आपल्या जागी बसले. हात मांडीवर ठेवले. ताट दुसऱ्या कोणापुढे गेलं तर उठायचं नाही, मुकाट जेवून जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

नैवेद्य झाला. वैनींनी ताट वाढलं, दोन बाकं ओलांडून आल्या आणि ते तात्यांपुढे ठेवलं. पदराला हात पुसले.

"कसं झालंय?"

तात्यांनी रोटीचा तुकडा मोडला, मसूर घेतला, तोंडात घातला. आधी काहीच लागलं नाही. नुसता ऊनऊन गोळा. ते चावत राहिले. मग फार लांबून, कुठूनतरी खालून, मसुराचा मातकटपणा आला. खोबरं आलं असावं. लसूण नक्की आला. तात्या त्यांच्या मागे जाऊ लागले, एकेकाला ओळखत. सगळे फिके, पण सगळे खरे. त्यांनी दुसरा घास घेतला, आणि कोण आलं नाही ते बघितलं.

तेवढ्यात ऋतुजाने न विचारता, लहानपणी घालायची तसा, वडिलांच्या ताटात हात घातला. घास खाल्ला आणि तिने मान वर केली. तिच्या ओठांवर शब्द आले होते. तात्यांनी हाताने तिला थांबवलं.

"वैनी," ते म्हणाले. "मीठ कमी हाय. आन चिमूटभर न्हवं. लई कमी हाय."

वैनींनी ऋतुजाकडे पाहिलं. ऋतुजाच्या गालांवर पाणी ओघळलं होतं, पण ती हसत होती. एका ताटातलं दोघांनी खाल्लं होतं आणि दोघांना एकच कळलं होतं.

"कमीच आहे, काकू," ती म्हणाली.

तात्यांचा जीव भांड्यात पडला. अळणी मसूर खाऊन इतका आनंद झालेला माणूस त्या खानावळीत आधी कोणी पाहिला नव्हता.

"हाय म्हाईत," वैनी म्हणाल्या. पाठीमागच्या फळीवर मिठाची वाटी आधीच भरून ठेवलेली होती, ती त्यांनी पुढे घेतली. "पोरीनं सकाळी फोन करून सांगितलं, पप्पा येणार म्हणून. म्हनलं, बघावं. मुद्दाम कमी टाकलं हुतं."

"नैवेद्य बी अळणीच दाखवलासा?" मास्तरांनी विचारलं.

"देवाला सांगून केलंय." वैनींनी वाटी पातेल्यात रिकामी केली, पळी फिरवली आणि तात्यांच्या ताटात वरून एक पळी वाढली. मग पुन्हा हात पुसले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर ती जुनी उत्सुकता आली.

"आन आता?"

तात्यांनी घाई केली नाही. एक घास स्वतः घेतला, एक लेकीला भरवला. दोघं एकमेकांकडे बघत चावत राहिले. लांबून, धुक्यातून, मीठ आलं आणि आपल्या जागेवर येऊन बसलं.

तात्यांनी छाती भरून श्वास घेतला. "गाडी येळेवर!"

समोरच्या स्टँडवर दोघातिघांनी दचकून आपापल्या पिशव्या उचलल्या.